मिलानमध्ये नेसवलेलं लुगडं

“हे माझे फोटो कशाला काढाल्यात, विचारा त्येला,” मामी कारखानीसबाईंना म्हणाली.

‘त्येला’ म्हणजे मला. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

“अहो, आजी विचारतायत, फोटो का काढतायत म्हणून,” कारखानीसबाईंनी मला सांगितलं.

“मला काय माहीत?”

“त्यांना माहीत नाही, आजी.”

“त्येला कधी काय म्हाईत असतंय,” मामी म्हणाली आणि जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

मिलान शहरात त्या आठवड्यात फॅशन वीक होता. रस्ते अडवले होते, त्यामुळं बस लांब उभी करून आमचा टूर मॅनेजर निनाद आम्हाला चालवत नेत होता. वाटेत एका मोठ्या इमारतीसमोर गर्दी होती. आत कपड्यांचा शो होता. बाहेर येणारे-जाणारे लोकही शोमधलेच वाटत होते. एका माणसानं परकर घातला होता. एका बाईच्या डोक्यावर पाटीएवढी टोपी होती. फोटोवाले रस्त्यावर गुडघे टेकून त्यांचे फोटो काढत होते, आणि मामी दिसल्यावर ते सगळे तिच्याकडं वळले.

मामी ऐंशीच्या घरातली. अंगावर नऊवारी, त्यावर माझ्या मुलाचं काळं जाकीट. पायात पांढरे स्पोर्ट शूज, कारण टूर कंपनीनं सगळ्यांना तेच सांगितलं होतं. खांद्याला कापडी पिशवी. फोटोवाले तिला हातानं खुणा करत होते, इकडं बघा, चाला, थांबा.

“आजी, त्यांना वाटतंय तुम्ही शोसाठीच आलायत,” निनाद हसत म्हणाला. “जगातल्या मोठमोठ्या लोकांचे फोटो काढतात हे.”

“मी गडहिंग्लजची हाय म्हणावं. बाजारला निघालीया.”

सगळे हसले. माझा रूम पार्टनर पेठकर म्हणाला, “आजींचा फोटो उद्या पेपरात येणार बघा.” मामी हसली नाही. पिशवी पोटाशी धरून ती चालत राहिली. पिशवीत काय होतं ते मला ठाऊक होतं.

मामी म्हणजे माझ्या आईच्या भावाची बायको. मी मामाच्याच मुलीशी लग्न केलं, आमच्याकडं करतात तसं. त्यामुळं मामी तीच आणि सासूही तीच. माझं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. सुमित्रा, माझी बायको, शाळेत शिक्षिका होती. युरोप बघायचं ही तिची हौस. मला त्यात गोडी नव्हती. रिटायर झाल्यावर तिनं तिच्या पैशातून दोघांचं बुकिंग केलं. मग करोना आला, टूर पुढं गेली, आणि दुसऱ्या लाटेत सुमित्रा गेली. कंपनी म्हणाली, पैसे परत मिळणार नाहीत, पण तिच्या जागी दुसरं कुणी येऊ शकेल. मी दोन्ही जागा सोडून देणार होतो. वर्षश्राद्धाला सगळे जमले असताना तो विषय निघाला. मामी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “तिच्या जागंवर मी जाती.”

कुणाला वाटलं चेष्टा आहे. पण ती मागं हटली नाही. माझ्या मुलानं तिचा पासपोर्ट काढून दिला. अशी ती आली. कारखानीसबाई, एक रिटायर्ड नर्स, तिच्या खोलीत होत्या. लग्न केलेलं नव्हतं त्यांनी, स्वभावानं मोकळ्या. मामी माझ्याशी बोलत नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं, आणि त्यांनी मधल्या माणसाचं काम हसत पत्करलं.

न बोलण्याचं कारण सांगतो. आमच्याकडं सवाष्ण बाई गेली की तिच्या माहेराहून लुगडं येतं. सासरी कपाटं भरलेली असोत, शेवटचं नेसवायचं ते माहेरचं. सुमित्रा गेल्याचा फोन गेला तेव्हा मामीनं दुकानदाराला घरातनं उठवून आणून दुकान उघडायला लावलं, हिरवी इरकली साडी घेतली आणि दुधाच्या टेंपोत बसून निघाली. नाक्यावर पोलिसांनी टेंपो अडवला. तोवर इकडं सगळं उरकलं होतं. दवाखान्यातनं परस्पर नेलं होतं, घरच्या कुणाला जवळ जाऊ दिलं नव्हतं. नंतर मामीनं मला फोनवर एकच विचारलं.

“अंगावर काय हुतं तिच्या?”

“ठाऊक नाही,” मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नव्हती. करोनात असंच होत होतं हे तिला सगळ्यांनी समजावलं. ती ऐकून घ्यायची. पण नवऱ्याला ठाऊक नाही हे तिला पटत नव्हतं.

ती साडी त्या पिशवीत होती. दुसऱ्या कुणी नेसायची नव्हती, कुणाला द्यायची नव्हती आणि घरातही ठेवायची नव्हती. स्वित्झर्लंडमध्ये एका तळ्याकाठी मामीनं ती बाहेर काढली होती. निनाद धावत आला. “आजी, इथं पाण्यात काही टाकलं तर दंड होतो.” मामीनं साडी परत पिशवीत घातली आणि कारखानीसबाईंना म्हणाली, “ह्यांच्यात माणसं मरत न्हाईत व्हय?” सुमित्राला जी गावं बघायची होती, त्यांतल्या एखाद्या गावात मामीला ती साडी ठेवून यायची होती. मिलान शेवटचं गाव होतं. दुसऱ्या दिवशी विमान होतं.

चर्चच्या चौकात निनादनं सगळ्यांना मोकळं सोडलं. बायका दुकानांकडं गेल्या, पुरुष त्यांच्यामागनं पिशव्या धरायला. कारखानीसबाईंना चर्चच्या छतावर चढायचं होतं. मामीचे गुडघे दुखत होते.

“तुम्ही दोघं बसा इथंच,” बाई मला म्हणाल्या. मग हळूच, “भांडू नका.”

भांडायला बोलावं लागतं. आम्ही पायरीवर बसलो. समोर कबुतरं होती. बऱ्याच वेळानं मामी एका कबुतराला म्हणाली, “हितं बायकांनी जायाची सोय कुठं हाय, बघ की बाबा.”

मी उठलो. ती मागनं आली.

हॉटेलांत गर्दी होती. मागच्या गल्लीत एका जुन्या घराचं दार सताड उघडं होतं. दारावर फॅशन वीकची पाटी होती आणि लोक फुकट आत-बाहेर करत होते. आत फरशीचा चौक, त्याच्याभोवती खोल्या. शिवणकामाचं शिक्षण देणारी शाळा असावी. मुलामुलींनी शिवलेले कपडे मांडून ठेवले होते. गळ्यात टेप अडकवलेली पन्नाशीची एक बाई पुढं आली. मामीकडं बघून तिला न विचारताच कळलं. तिनं मामीला हाताला धरून आत नेलं. परत आणलं तेव्हा खुर्ची दिली, पाणी दिलं. स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, “ग्राझिएला.”

“मामी,” मी मामीकडं बोट करून म्हणालो.

“मामी!” ग्राझिएला म्हणाली आणि हसली. तिला वाटलं ती माझी आई.

मामीचं तिकडं लक्ष नव्हतं. चौकाच्या कडेला कापड मढवलेले धडाचे पुतळे होते, शिंपी लोक कपडे बेतायला वापरतात तसले. डोकं नाही, हात नाहीत. मानेच्या जागी लाकडी टोपण आणि खाली लोखंडी दांडा. बऱ्याचशांवर कपडे होते. एक रिकामा होता. मामी खुर्चीतनं उठून त्याच्यापाशी गेली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग कमरेवर. मग परत खांद्यावर.

“रंगा,” ती म्हणाली.

दीड वर्षात तिनं पहिल्यांदा माझं नाव घेतलं.

“सुमीपरास उंच हाय ह्यो. खाली हुतोय का बघ.”

ती काय करणार आहे ते मला तेव्हाच कळलं. दांड्याला स्क्रू होता. मी ग्राझिएलाकडं बघितलं, तिनं मान हलवली. मी स्क्रू सैल केला आणि पुतळा खाली घेतला.

“अजून.”

“एवढीच होती,” मी म्हणालो. “माझ्या खांद्याला लागायची.”

मामीनं मला पुतळ्याशेजारी उभं राहायला लावलं, लांबनं बघितलं. “व्हय,” म्हणाली. मी स्क्रू आवळला.

तिनं पिशवीतनं साडी काढली. हिरवी, लाल काठाची. घडीवर दुकानाचं लेबल तसंच होतं. चौकातल्या दोन-तीन मुली जवळ आल्या. ग्राझिएलानं साडीचा पदर हातात घेऊन काठ बघितला आणि काहीतरी कौतुकाचं बोलली. मामीनं पदर तिच्या हातातनं सोडवून घेतला. रागानं नाही, पण सोडवून घेतला.

“परकर न्हाई. खोचू कशात?”

मी कमरेभोवती गाठ मारायची खूण केली. ग्राझिएलानं जाड नाडी आणून पुतळ्याच्या कमरेला बांधून दिली. मामीनं साडी एकदा भोवती फिरवली आणि मध्येच थांबली. ती जन्मभर नऊवारी नेसली. गोल साडीच्या निऱ्या तिला नीट जमत नव्हत्या. दोनदा घातल्या, दोनदा सुटल्या.

“सुमी कशी घालायची गं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली.

“आधी पदर घ्यायची. लांब सोडायची, गुडघ्याच्या खाली,” मी म्हणालो. “मग उरलेल्याच्या निऱ्या. तोंड डावीकडं.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“रोज बघत होतो.”

मामीनं साडी माझ्या हातात दिली.

मी कुणाला कधी साडी नेसवली नव्हती. लेथवर काम केलेले हात, नखात ग्रीस असायचं. पण सुमित्राला सकाळच्या शाळेची घाई असायची. निऱ्या खोचून झाल्या की ती हाक मारायची, जरा धरा हो खालनं. मी चहा बाजूला ठेवून खाली बसायचो आणि निऱ्यांचं टोक ओढून सरळ करायचो. म्हणून मला माहीत होतं. मी निऱ्या घातल्या. जरा जाड झाल्या, पण बसल्या. मामीनं त्या नाडीत खोचल्या. मी फरशीवर बसलो आणि खालनं एकेक निरी ओढून घेतली.

तोवर बरेच लोक जमले होते. कुणी मोबाइलवर शूटिंग करत होतं. त्यांना वाटत होतं, भारतातनं आलेली माणसं साडी कशी नेसतात ते दाखवतायत. एक मुलगी वहीत चित्र काढत होती. तिनं मला इंग्रजीत विचारलं, ही कुठल्या ऑकेजनची साडी आहे, लग्नाची का?

एवढं इंग्रजी मला समजतं.

“सेंडऑफ,” मी म्हणालो.

तिनं ते लिहून घेतलं.

मामीनं पदर खांद्यावर टाकला, काठ सारखा केला, स्वतःच्या अंगावरची पिन काढून लावली. मग पिशवीतनं फडक्यात बांधलेले तांदूळ, सुपारी, खण आणि हळदी-कुंकवाची डबी काढली, आणि हात आखडता घेतला.

“मला चालत न्हाई,” म्हणाली. “सवाष्ण पायजे.”

मामा जाऊन वीस वर्षं झाली होती. विधवेनं सवाष्णीची ओटी भरायची नसते. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या सवाष्णी दुकानांत होत्या.

“हिचं लगीन झालंय का, विचार,” मामी ग्राझिएलाकडं बघून म्हणाली.

“मामी, तिला कसं विचारू?”

“तोंडानं.”

मी ग्राझिएलाला माझ्या बोटातली अंगठी दाखवली, मग तिच्याकडं बोट केलं. तिला वेगळंच काही वाटलं असावं, ती लाजून हसली. मुलीही हसल्या. मग तिनं डावा हात वर केला. अंगठी होती. “सी, सी,” ती म्हणाली आणि हात जाडजूड पोटासमोर धरून नवरा केवढा आहे ते दाखवलं.

“जित्ता हाय न्हवं?” मामीनं विचारलं.

“असावा. हसतेय तर.”

मामीनं तिच्या ओंजळीत तांदूळ, सुपारी आणि खण दिला आणि कुठं ठेवायचं ते दाखवलं. ग्राझिएलानं खण पदराच्या घोळात ठेवला, त्यावर तांदूळ सोडले. थोडे फरशीवर सांडले. ती आता हसत नव्हती. काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं काम कळतं तशी ती सावकाश करत होती.

मामीनं डबी माझ्यापुढं धरली.

“आता तू. शेवटचं कुंकू नवऱ्यानं लावायचं असतंय.”

मी बोट बुडवलं. पण कपाळ नव्हतं. मी बोट तसंच धरून उभा राहिलो.

“लाव की. हितं,” मामीनं मानेवरच्या लाकडी टोपणावर हात ठेवला. “तिला कळतंय.”

मी लावलं.

मामी दोन पावलं मागं झाली, वरपासून खालपर्यंत बघितलं. लोकांना वाटलं संपलं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. चौक भरून टाळ्या.

“टाळ्या कशाला वाजवाल्यात?”

“आवडलं त्यांना.”

“आवडू दे. नीट दिसती न्हवं?”

“दिसते,” मी म्हणालो.

तिनं पुतळ्याच्या खांद्यावरनं एकदा हात फिरवला, रिकामी पिशवी उचलली आणि दाराकडं निघाली. मी ग्राझिएलाला हात जोडले आणि मागनं गेलो.

“मागं बगू नगो,” मामी पुढनंच म्हणाली.

मला ते सांगायला नको होतं. स्मशानातनं परतताना मागं बघत नाहीत.

गल्लीच्या टोकाला पोचलो तेवढ्यात पावलं वाजली. ग्राझिएला पळत येत होती. ती पुढं येऊन उभी राहिली, धापा टाकत मागं शाळेकडं हात करून बोलू लागली. साडी विसरलात, असं ती सांगत असणार. घडी घालून आणते, दोन मिनिटं थांबा, अशी खूण केली.

“नो,” मी म्हणालो. “हर साडी. नॉट टेक.”

तिला समजलं नाही. तिनं परत खूण केली. मग मामीकडं बघितलं. मामी समोर बघत उभी होती, रस्त्याकडं, आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, तोंड मात्र जसंच्या तसं होतं. ग्राझिएलाचा हात खाली आला. तिनं माझ्या बोटावरचं कुंकू बघितलं. मग कपाळापासून छातीपर्यंत आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत हात फिरवला, त्यांच्या धर्मात करतात तसा, आणि बाजूला झाली.

पुढं त्या साडीचं काय झालं, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

चौकात सगळे परत जमले होते. पेठकरनं पर्स घेतली होती बायकोसाठी, ती दाखवली. बसमध्ये मामी कारखानीसबाईंच्या शेजारी बसली आणि झोपून गेली. हॉटेलवर पोचल्यावर निनादनं सांगितलं, लगेच खाली या, भारतीय जेवण मागवलंय. लिफ्टपाशी मामीनं मला थांबवलं.

“डोक्यावरनं आंघोळ कर. अंगावरचे कपडे भिजव. मगच जेव.”

“करतो.”

खोलीत पेठकर म्हणाला, “अहो, आत्ता कसली आंघोळ? सकाळी केलीत ना? जेवण गार होतंय.”

“तुम्ही व्हा पुढं,” मी म्हणालो.

सुमित्रा गेली त्या दिवशी मी त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर ऑक्सिजनवर होतो. मुलानं मला सांगितलं ते उशिरा, माझा मास्क निघाल्यावर. तोवर सगळं झालेलं. मला कुणी आंघोळ घातली नाही, घालण्यासारखी स्थिती नव्हती. नर्सनं ओल्या कापडानं तोंड पुसलं तेवढंच. अंगावर काय होतं असं मामीनं विचारलं तो फोन मी त्याच खाटेवरनं घेतला होता. घरी आलो तेव्हा सुतक संपलेलं होतं.

मी कपडे भिजवले आणि नळाखाली उभा राहिलो. बराच वेळ राहिलो.

खाली गेलो तर सगळ्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. मामी केस ओले, मोकळे सोडून टेबलाशी बसली होती. ताट भरलेलं, हात लावलेला नव्हता. मी समोरच्या खुर्चीवर बसलो. माझंही डोकं ओलं होतं.

“हे काय, दोघंही न्हालात?” कारखानीसबाईंनी विचारलं. “एवढ्या थंडीत, आजी? सर्दी होईल. काय निमित्त?”

मामीनं वरणाचं भांडं जवळ ओढलं आणि माझ्या भातावर वरण वाढलं.

“लेकीला पोचवून आलो,” ती म्हणाली. “जेव, रंगा.”